दत्तक दिलेलं कुत्रं परत आलं? आधी तारीख बघा

फोस्टर करणाऱ्या, म्हणजे बेवारस कुत्र्याला कायमचं घर मिळेपर्यंत आपल्याकडे सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हा फोन कधी ना कधी येतो: "ताई, ते पिल्लू घेऊन जा ओ परत. आम्हाला नाही जमायलं." फोन ठेवल्यावर पहिला राग त्या घरावर येतो. नेताना किती हौस होती, सगळ्या घरानं फोटो काढले होते, आणि महिनाही निघाला नाही. मग कुत्रं परत आणायचं, घाईघाईनं दुसरं घर शोधायचं, आणि पुष्कळदा तिथूनही तसाच फोन. परभणी, नांदेड, लातूर, बीड, संभाजीनगर, जिथं जिथं ओळखीची माणसं हे काम करतात तिथं गाऱ्हाणं एकच ऐकू येतं: घर मिळतं, पण टिकत नाही.

माझं सांगणं असं, की कुत्रं का परत आलं हे विचारण्याआधी ते कधी परत आलं हे बघा. कारण विचारलं तर लोक संकोचतात. "लेकराला अ‍ॅलर्जी झाली", "गावाकडं जावं लागतंय", "आजी ऐकंनात" अशी उत्तरं येतात आणि खरी अडचण आतच राहते. म्हणून एक वही करा. कुत्रं दिल्याची तारीख, परत आल्याची तारीख आणि त्या वेळचं त्याचं वय, एवढंच लिहीत चला. थोड्याच काळात दिसेल की परतीचे फोन वर्षभर सारखे पसरलेले नसतात. दिल्यानंतरचे पहिले तीन दिवस, दुसरा आठवडा, कुत्र्याच्या वयाचा पाचवा ते आठवा महिना, आणि गुढीपाडव्यापासून उन्हाळा संपेपर्यंतचा काळ, इथं ते एकवटलेले असतात. या प्रत्येक वेळेचं कारण वेगळं आणि इलाजही वेगळा आहे.

पहिल्या तीन दिवसांत परत आलं तर

"रात्रभर रडायलंय, शेजारचे ओरडायलेत." "खातच नाही काही, पलंगाखालून निघंना." "घरभर मुतलं." या तिन्ही तक्रारींचं मूळ एक आहे: कुत्रं घाबरलंय. वास, आवाज, माणसं, जेवणाची वेळ, सगळं एका दिवसात बदललं. रेस्क्यू करणाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशोब चालतो. पहिले तीन दिवस भांबावलेले, तीन आठवड्यांत घराचा दिनक्रम कळतो, आणि तीन महिन्यांत ते घर आपलं वाटायला लागतं. प्रत्येक कुत्र्याला हा हिशोब तंतोतंत लागू पडतो असं नाही, पण नेणाऱ्याला तो आधीच सांगितलेला असला तर पहिल्या रात्रीचं रडणं त्याला बिघाड वाटत नाही.

तरी या वेळच्या परतीचं खरं कारण बहुतेकदा आपल्या, म्हणजे फोस्टरच्या घरात असतं. पिल्लू आपल्याकडे पायथ्याशी झोपतं, दिवसभर कुणी ना कुणी मांडीवर घेतं, दोन्ही वेळा चिकनचं पाणी आणि भात खातं. मग ते एखाद्या माळकरी घरात जातं. तिथं अंडंसुद्धा शिजत नाही, अंगणात पोत्यावर झोपायचं असतं आणि सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा घराला कुलूप असतं. पिल्लू रडणारच, आणि वरण-भाकरीकडे बघणारही नाही.

म्हणून फोस्टर करताना त्याला आपल्या घराची सवय लावू नका, पुढच्या घराची लावा. रोज थोडा वेळ एकटं ठेवा. आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग दोन-तीन तास. रात्री अंथरुणात घेऊ नका. त्याची जागा वेगळी, एका कोपऱ्यात, एकाच पोत्यावर किंवा जुन्या चादरीवर ठेवा. ज्वारीची भाकरी ताकात किंवा वरणात कुस्करून, भात-अंडं, थोडं कोरडं खाद्य असं आलटून पालटून द्या, म्हणजे कुठल्याही घरात ते उपाशी राहत नाही. कांदा-लसणाचं कालवण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला घातक आहे, हे नेणाऱ्या घरातल्या लेकरांनाही सांगा. लाडानं घास देणारी तीच असतात. नुसत्या दूध-भाकरीवर वाढणारं पिल्लू मात्र जुलाबानं बेजार होतं आणि हाडानं कच्चं राहतं. घर शाकाहारी असेल तर डाळ, दही, पनीर आणि तयार शाकाहारी खाद्य यांचा मेळ डॉक्टरांना विचारून बसवता येतो, पण ही चर्चा कुत्रं द्यायच्या आधी व्हायला हवी.

देतानाच्या काही गोष्टी छोट्या आहेत आणि फार उपयोगी पडतात. कुत्रं सकाळी द्या, संध्याकाळी देऊ नका. दिवसभर घर हुंगून झालं की रात्र सोपी जाते. त्याचा वास असलेलं पोतं किंवा चादर न धुता बरोबर पाठवा. पहिले सात दिवस आपल्याकडचंच खाणं द्यायला सांगा, नवीन खाणं त्यात हळूहळू मिसळा. आल्या दिवशी आंघोळ घालू नये. गल्लीतल्या लेकरांना बघायला बोलवू नये. पलंगाखाली बसलं तर ओढून काढू नये. आणि त्या पहिल्या रात्री आपण स्वतः फोन करावा. बरीच कुत्री त्या एका फोनमुळे त्या घरात टिकतात, कारण घरातली बाई तोवर अगदी रडकुंडीला आलेली असते आणि तिला विचारायला कुणीच नसतं.

याच तीन दिवसांत कुत्रं पळून जाण्याचा धोका सगळ्यात जास्त. मोठी कुत्री तर उघडं फाटक दिसलं की सुटतात, आणि नुसता गळ्यातला पट्टा मागे सरकून डोक्यातून सहज निघतो. पहिला महिना छातीला बसणारा हार्नेस आणि गळ्यात फोन नंबरचा बिल्ला, असं दोन्ही ठेवा. पळालंच तर मागे धावू नका, नावानं आरडाओरडा करू नका. जिथून निसटलं तिथं त्याचं पोतं आणि पाणी ठेवा आणि पहाटे, रस्ता शांत असताना, त्याला सगळ्यात जास्त ओळखणारं एकच माणूस तिथं जाऊन बसू द्या. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यापासून तुळशीचं लग्न होईपर्यंत मी कुठलंच कुत्रं नव्या घरी देत नाही. फटाक्यांनी बिथरलेलं कुत्रं किलोमीटरच्या किलोमीटर पळतं, आणि नव्या घराची वाट त्याला ठाऊक नसते.

दुसऱ्या आठवड्यात परत आलं तर

इथं आजाराचा संशय आधी घ्या. पिल्लू चांगलं खेळत होतं, आठ-दहा दिवसांनी उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब आणि सहन न होणारा वास. हा पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांचा विषाणूचा आजार, असू शकतो. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी चौदासुद्धा. म्हणजे आपण दिलेलं टुणटुणीत पिल्लू आजार अंगात घेऊनच गेलेलं असतं. घरातल्या लेकरांच्या डोळ्यांसमोर ते तडफडतं, आणि ते घर पुन्हा कधी कुत्रं घेत नाही.

इलाज एकच: रस्त्यावरून उचललेलं पिल्लू किमान चौदा दिवस वेगळं ठेवल्याशिवाय कुणालाही द्यायचं नाही. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतं आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यावे लागतात. एक डोस झाला म्हणजे पिल्लू सुरक्षित झालं ही समजूत फार जणांना महागात पडते. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन् महिने टिकतो. फिनाईलवर भिस्त ठेवू नका, त्यानं तो खात्रीनं मरत नाही. आधी जागा साबणानं धुऊन काढा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी करून फरशी दहा मिनिटं ओली राहू द्या. ब्लीचमध्ये फिनाईल किंवा अ‍ॅसिड काहीही मिसळू नका. आणि नवं घर ठरवताना हे जरूर विचारा: गेल्या वर्षभरात इथं एखादं पिल्लू दगावलंय का? उत्तर हो असेल तर त्या घराला नाही म्हणायची गरज नाही. डोस पूर्ण झालेलं मोठं कुत्रं तिथं आनंदानं द्या.

डिस्टेंपर या दुसऱ्या विषाणूच्या आजाराचं लक्षण उशिरा येतं. डोळ्यांतून चिकट पाणी, खोकला, ताप, आणि कधी कित्येक आठवड्यांनी अंगाला झटके. मोठ्या कुत्र्यांत आपल्याकडे जास्त दिसतो तो गोचिडीचा ताप. कुत्रं मलूल होतं, खाणं सोडतं, हिरड्या पांढरट पडतात, कधी नाकातून रक्त येतं. रक्त तपासलं की निदान होतं आणि वेळेवर औषध मिळालं तर कुत्रं सहसा बरं होतं. अडचण अशी, की गोचीड फक्त कुत्र्यावर राहत नाही. मादी गोचीड अंगावरून उतरून भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. म्हणून कुत्र्याला औषध लावून ते जुन्या दगडी वाड्यात किंवा मातीच्या गोठ्यात पाठवलं आणि फटी तशाच राहिल्या, तर महिन्याभरात सगळं पूर्ववत. देताना गोचिडीचं औषध किती दिवसांनी द्यायचं त्याची तारीख कार्डावर लिहून द्या. जंतांचंही तसंच. पिल्लाला दोन आठवड्यांच्या वयापासून बारा आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याला आणि मग सहा महिन्यांचं होईपर्यंत दरमहा जंतांचं औषध लागतं.

जिल्ह्याच्या ठिकाणी खासगी डॉक्टर असतात, तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, पण तिथला बराचसा वेळ गाई-म्हशींत जातो. आपल्या भागाचं नशीब असं, की परभणी आणि उदगीर अशी दोन पशुवैद्यक महाविद्यालयं इथं आहेत आणि दोन्हीकडे दवाखाना चालतो. अवघड आजार असेल तर गावात चार ठिकाणी फिरण्यापेक्षा मी लोकांना तिकडची वाट दाखवते.

याच काळातली दुसरी तक्रार म्हणजे दात लागला. पिल्लू खेळताना दात लावतं, लेकराच्या हाताला ओरखडा येतो, घरात हलकल्लोळ, आणि तासाभरात कुत्रं परत. रेबीजची भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. रेबीज झाला की माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल, आणि लस वेळेवर घेतली तर तो टाळता येतो. म्हणून देतानाच स्पष्ट सांगावं: दात किंवा नख लागून कातडी फाटली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना-मिरची काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करायची. ठरलेले सगळे डोस पूर्ण करायचे. पिल्लू लहान आहे म्हणून सोडून द्यायचं नाही. रेबीजची लस पिल्लू साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, त्याआधी त्याला रस्त्यावर काही चावलं असेल तर आपल्याला कळलेलं नसतं. आणि अशा वेळी कुत्रं दहा दिवस डोळ्यांसमोर राहणं फार महत्त्वाचं. घाबरून ते माळावर सोडून आलं तर ते ठणठणीत आहे की नाही हे कळायचा मार्गच बंद होतो. हे वाक्य घराला ऐकवलं की कुत्रं रागाच्या भरात कुठंतरी सोडायची घाई थांबते. आपणही तोवर ते परत मागू नये; रोज जाऊन बघून यावं.

पाचव्या ते आठव्या महिन्यात परत आलं तर

परत येणाऱ्यांत या वयाची कुत्री भरपूर असतात. दूधदात पडून पक्के यायला लागलेले असतात, म्हणून चपला, वायरी, सोफ्याचा कोपरा, काहीच वाचत नाही. अंगात रग मावत नाही. पिल्लाचं गोजिरेपण गेलेलं असतं आणि मोठ्या कुत्र्याची समज आलेली नसते. घरच्यांना वाटतं, हे बिघडलं. तसं काही झालेलं नसतं. सहा-आठ महिन्यांत हा काळ बहुतेक निघून जातो. चावायला ओली करून गाठी मारलेली सुती दोरी द्या, चपला उचलून ठेवा, आणि दिवसातून दोनदा खरं चालवून आणा. नुसतं गच्चीवर सोडणं म्हणजे फिरवणं झालं नाही. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ च्या वर जातो. तेव्हा फिरवायची वेळ उजाडताना आणि ऊन पूर्ण उतरल्यावर. हाताची मागची बाजू डांबरावर काही सेकंद टेकवता येत नसेल तर त्याचे पायही भाजतात.

मादी असेल तर याच सुमारास पहिल्यांदा माजावर येते. फाटकासमोर गल्लीतले नर जमतात, रात्रभर भांडणं, शेजाऱ्यांच्या तक्रारी. पोटाला राहिली तर साधारण त्रेसष्ट दिवसांत पिल्लं. मग ती आणि तिची पिल्लं एकदमच आपल्या दारात येतात. "आम्हाला नरच पाहिजे" असं लोक म्हणतात त्यामागे हीच धास्ती असते. नसबंदी झालेली मादी द्यायला नराइतकीच सोपी जाते, आणि माझ्या मते घरात ती जास्त स्थिर असते. तेव्हा मोठी मादी नसबंदी करूनच द्या. लहान असेल तर सहा महिन्यांच्या सुमारची तारीख कागदावर ठरवा, डॉक्टर कोणते तेही ठरवा, आणि खर्चाची व न्यायची-आणायची जबाबदारी शक्य असेल तर आपण घ्या. "तुम्ही करून घ्या" म्हणून सोडलं की ते राहून जातं. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हे स्थानिक संस्थेचं काम आहे, पाळीव कुत्र्याचं मात्र त्याच्या मालकाचं. दत्तक घेतलं त्या दिवसापासून ते कुत्रं पाळीव, हे घराला माहीत असावं.

म्हाताऱ्या माणसांच्या घरी, नोकरी करणाऱ्या जोडप्याकडे पिल्लू देऊच नये असं मला ठामपणे वाटतं. त्यांना दोन-तीन वर्षांचं, नसबंदी झालेलं, शांत कुत्रं द्या. "लहानपणापासून असलं तरच माया लागते" हा गैरसमज आहे. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव आपल्याला आधीच ठाऊक असतो, त्यामुळे घराशी त्याचं जुळवणं सोपं जातं आणि ती परतही फार कमी येतात.

पाडव्याला, किंवा उन्हाळ्यात परत आलं तर

या परतीत कुत्र्याचा काही संबंधच नसतो. घराचं वर्ष बदलतं, आणि कुत्रं त्यात बसत नाही.

शेतावर, आखाड्यावर दिलेली कुत्री बघा. कुत्रं मागायला येतो शेतमालक, पण रोज भाकरी टाकतो सालगडी. कुत्रं जीव लावतं गड्याला. सालगड्याचं साल पाडव्याला संपतं. गडी बदलला की नव्या गड्याला ते कुत्रं ओळखत नाही, त्याच्या लेकरांवर भुंकतं, आणि मालक तर शहरात. मग मालकाचा फोन येतो, किंवा फोन न येताच कुत्रं रस्त्याला लागतं. बीड, जालना, परभणीकडच्या ऊसतोड कुटुंबांचं चक्र याच्या उलट. ती माणसं दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांकडे जातात आणि पाडव्याच्या आसपास गावी येतात. पावसाळ्यात हौसेनं घेतलेलं पिल्लू दिवाळीनंतर कुलूपबंद घरासमोर बसून राहतं. ही माणसं निष्ठुर नाहीत. कितीतरी जण कुत्रं फडावर सोबत नेतात आणि ते पालाची राखणही करतं. पण कुणी मागे राहणार असेल तर कोण, आणि नेणार असतील तर लसीकरणाचं कार्ड सोबत आहे का, हे आधी बोलायला हवं.

शेतावर द्यायचं असेल तर बोलणी मालक आणि गडी दोघांशी, दोघं समोर असताना करा. "पाडव्याला गडी बदलला तर कुत्र्याला कोण बघणार?" हा प्रश्न सरळ विचारा. मालक रोज येत नसेल तर ते घर धरू नका. कुत्र्याला दिवसभर साखळीनं बांधून ठेवणार असतील तरी देऊ नका. राखणीला ते काही कामाचं राहत नाही आणि चिडकं होतं. आष्टी, पैठण अशा बिबट्याचा वावर असलेल्या भागात तर रात्री उघड्यावर बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला आयतं भक्ष्य. रात्री आत घ्यायला पत्र्याची का होईना, दार लागणारी खोली हवी.

लातूर आणि नांदेडला आणखी एक तऱ्हा आहे. बारावी आणि नीटच्या तयारीला बाहेरगावची मुलं खोली करून राहतात. एकटी असतात, अभ्यासाचा ताण असतो, पिल्लाचा लळा लागतो. मे महिन्यात परीक्षा झाली की खोल्या रिकाम्या होतात आणि पिल्लं घरमालकाच्या गेटवर. या मुलांचा मला फार आधार वाटतो, पण मी त्यांना कुत्रं दत्तक देत नाही. गावाकडच्या आई-वडिलांशी बोलणं झालं आणि परीक्षेनंतर कुत्रं तिकडं जाणार हे त्यांनी स्वतः सांगितलं, तरच अपवाद. एरवी त्यांना सांगते: गल्लीतल्या कुत्र्यांना पाणी ठेवा, लसीकरणाच्या दिवशी धरायला या, आठ-पंधरा दिवसांचं फोस्टर करा. ही कामं ती जीव ओतून करतात.

उन्हाळ्यातल्या परतीला पाण्याचंही कारण असतं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आजही आपल्या कित्येक शहरांत नळ काही दिवसांआड येतो आणि टँकर विकत घ्यावा लागतो. "कुत्र्याला पाणी कुठून आणावं?" असं कुणी म्हटलं तर ते टाळणं समजू नका, हिशोब समजावून सांगा. कुत्र्याला प्यायला किलोमागे साधारण पन्नास-साठ मिलिलिटर पाणी लागतं. पंधरा किलोच्या कुत्र्याला दिवसाला लिटरभर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. घराला भीती असते ती आंघोळीची आणि अंगण धुण्याची. आपल्या देशी कुत्र्याला महिन्याला एक आंघोळ पुष्कळ झाली, एरवी ओल्या फडक्यानं पुसलं तरी चालतं. मातीच्या कोपऱ्यात शी करायची सवय फोस्टरमध्येच लावली तर फरशी धुवायचं पाणीही वाचतं.

घर शोधतानाच अर्धी दुरुस्ती होते

हिंगोलीजवळच्या नर्सीचे नामदेव महाराज कुत्र्यानं पळवलेल्या भाकरीमागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपल्याकडे लहान लेकरालाही ठाऊक असते. घास घालणाऱ्यांची इथं कधीच वाण नव्हती. मिळत नाही ते एक नाव, जे म्हणेल की आजारपणात, लग्नसराईत, गावाला जाताना या कुत्र्याचं मी बघेन. घर बघायला जाल तेव्हा ते नाव शोधा. हौस बहुतेकदा मुलाला असते, फोन वडील करतात, आणि काम पडतं आईवर नाहीतर सुनेवर. तिच्याशी चुलीपाशी बसून बोला. ती गप्प असेल तर कुत्रं त्या दिवशी आणू नका. काही घरांत देवघराजवळ, काही घरांत नमाजाच्या जागेजवळ कुत्रं चालत नाही. ते मोकळेपणानं विचारा, आणि मुळातच अंगणात रमणारं कुत्रं त्या घराला द्या. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला समोर बोलावून होकार घ्या.

जाहिरातही खरी लिहा. लवकर घर मिळावं म्हणून "शेफर्ड मिक्स", "कारवान मिक्स" लिहिलं जातं. वर्षभरात कान उभे राहिले नाहीत की त्या घराला फसवल्यासारखं वाटतं. मी साधारण असं लिहिते: "लाली, देशी मादी, अंदाजे दोन वर्षं, नसबंदी आणि रेबीजची लस झालेली. वरण-भाकरी, भात, अंडं खाते. चार तास एकटी राहते. मोठ्या माणसांत शांत, लहान लेकरांनी एकदम जवळ घेतलं तर गुरगुरते. मांजर असलेल्या घरात देणार नाही. अंगण असावं. घर बघून आणि महिनाभर संपर्कात राहून देऊ." अशा मजकुराला फोन कमी येतात. जे येतात ते वाचून आलेले असतात.

फोन आलाच असेल तर

न भांडता परत घ्या. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ खाली प्राण्याला उपाशी-तहानलेलं राहील अशा स्थितीत सोडून देणं हा गुन्हा आहे, आणि हे दत्तकाच्या कागदावर लिहिलेलं असावं. पण पहिल्याच फोनला कायदा काढला तर पुढच्या वेळी तो माणूस फोनच करणार नाही, कुत्रं एमआयडीसीत नाहीतर बायपासला सोडून मोकळा होईल. त्याच कागदावर हेही ठळक लिहा: कधीही, कुठल्याही कारणानं नको झालं तर कुत्रं आम्हालाच परत द्यावं. जागा नसेल तर खरं सांगा आणि चार-आठ दिवसांची मुदत मागा. आपण चिडलो नाही तर बहुतेक घरं तेवढी थांबतात. क्षमतेपेक्षा जास्त कुत्री कोंबली की पुन्हा आजार, आणि पुन्हा दुसऱ्या आठवड्यातल्या परती.

परत आलेलं कुत्रं पुन्हा चौदा दिवस वेगळं ठेवा, रक्त तपासून घ्या आणि जाहिरातीतला मजकूर बदला. त्या घरानं सांगितलेल्या तक्रारी त्यात उतरवा, त्या आता आपल्याला फुकट मिळालेल्या माहितीसारख्या आहेत. आणि एखादं मोठं, रस्त्यावरच वाढलेलं कुत्रं दोन-तीन घरांत कोंडल्यासारखं होत असेल, तर त्याला घर शोधत बसू नका. नसबंदी-लस करून त्याच्या मूळ गल्लीत, जिथं खाऊ घालणारी माणसं आहेत तिथं, परत सोडा. नियमही तसंच सांगतात, आणि ते तिथं सुखी असतं.

आता वहीतल्या तारखांवरूनच पुढचे फोन ठरवा. पहिली रात्र, तिसरा दिवस, दुसऱ्या आठवड्याचा शेवट, कुत्रं पाच महिन्यांचं होताना, मादी असेल तर नसबंदीच्या आधी. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना दसऱ्याच्या आसपास. आणि शेतावर दिलेल्या प्रत्येक कुत्र्यासाठी पाडव्याच्या पंधरा दिवस आधी मालकाला विचारा, की यंदा गडी तोच आहे की नवा. नवा असेल तर जुना गडी असेपर्यंतच त्याला दोन-चार वेळा आखाड्यावर बोलावून कुत्र्याला त्याच्या हातची भाकरी खाऊ घाला.